उलटी कमान

एकदा एक मुलगी गिटार शिकायला एका वृद्ध गुरूंसमोर बसली, आणि पहिल्याच सकाळी तिला काहीतरी खटकलं.

गोष्ट अगदी बारीक होती. गुरूंनी तारेवर बोट टेकवलं तेव्हा ते कमानीसारखं उभं राहिलं. नख, पेर, सांधा, सगळं एकाच वळणात. तिनेही तसंच टेकवलं, तसंच दाबलं. पण तिच्या बोटाचा शेवटचा सांधा तिला न विचारताच मागे वळला. कमान मोडली नाही; ती उलटी झाली, पालथी वाटी कुणी उताणी करावी तशी. तारेतून सूर निघालाच नाही. बारीकशी खरखर झाली आणि तार गप्प बसली. मुलीने चटकन हात मांडीखाली घेतला. गुरू समोरच्या तळ्याकडे बघत होते. त्यांनी पाहिलं नसावं, असं तिने स्वतःला सांगितलं.

मुलीचं नाव शाल्मली. तिची बोटं जन्मापासूनच अशी. अंगठा मागे नेला की मनगटाला टेके, करंगळी तळहाताशी काटकोन करून उभी राही. शाळेत मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती जमत, दाखव ना, दाखव ना म्हणत, आणि दाखवलं की ‘ई’ करून पळत. तेव्हा त्यात गंमत होती. पुढे कॉलेजात ती बोटं बाहीत लपवायला शिकली. स्वभाव मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं काहीतरी पडायचं; मागून कुणी नावाने हाक मारली की छातीत धस्स व्हायचं. जगातले सगळे आवाज आपल्या अंगावर धावून येतात, अशी तिची जवळजवळ खात्रीच होती.

मग एका दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयामागे कुणीतरी गिटार वाजवत बसलं होतं, आणि तो सूर अंगावर आला नाही. तो आला आणि शेजारी बसला. न दचकता ऐकलेला तो तिच्या आयुष्यातला पहिला आवाज. असा आवाज आपल्या हातून निघावा, म्हणजे या एवढ्या गोंगाटात निदान एक आवाज तरी आपला असेल, इतकंच तिला हवं होतं.

शहरातल्या पहिल्या शिक्षकांनी तिला दाबायला रबरी चेंडू दिला. महिनाभर तिने तो दाबला. चेंडू मऊ झाला, बोटं होती तशीच राहिली. दुसऱ्या शिक्षकांनी चहा पिता पिता फार गोड शब्दांत सांगितलं की ही बोटं गिटारची नव्हेत, तू पेटी शिक, पेटीला चालतील. घरी येऊन ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईने तिची पिशवी भरली. आजोळच्या वाटेवर एक तळं आहे, तिथे तात्या म्हणून एक वृद्ध गिटार वाजवतात, शिकवायला बसले तर मनापासून शिकवतात, असं तिने ऐकलं होतं. निघताना ती एवढंच म्हणाली, “पण हे शेवटचे हं, शालू. तिथूनही परत आलीस, तर हा नाद सोडायचा.”

तेव्हा मांडीखाली हात दाबून बसलेल्या त्या मुलीच्या मनात काय चाललं असेल, ते आपण समजू शकतो.

तळं विस्तीर्ण होतं. तीन बाजूंनी सपाट काठ, आणि चौथ्या बाजूला उघडाबोडका काळा डोंगर, सरळ पाण्यात उतरलेला. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याखाली सुळके होते. तळ्याच्या काठी दोन वाड्या, प्रत्येकीचा आपापला धक्का. थंडी सुरू झाली की पहाटे पाण्यावर धुकं उतरे ते ऊन चढेपर्यंत हलत नसे. जाळी उचलायला गेलेल्या माणसांना होडीतून स्वतःचं वल्हंसुद्धा धड दिसत नसे. तेव्हा काठावरून त्यांना हाक देण्याची रीत होती. पण ती हाक तोंडाने द्यायची नाही. जीव कितीही कासावीस झाला तरी त्या गावात धुक्यात कुणी ओरडत नसे. कारण ओरडलेला आवाज डोंगर परत फेकतो, आणि धुक्यातल्या माणसाला काठ कोणता आणि डोंगर कोणता हे ओळखता येत नाही. तारेचा सूर मात्र मवाळ. तो पाण्यावरून सरकत होडीपर्यंत जातो आणि डोंगर गाठायच्या आधीच विरून जातो. म्हणून तो एकाच ठिकाणाहून येतो.

पूर्वी दोन्ही धक्क्यांवर एकतारी वाजे, त्यामुळे अलीकडची होडी पलीकडे जाई आणि पलीकडची अलीकडे येई. मग तात्यांच्या तरुणपणी कुणी पाहुणा एक गिटार मागे ठेवून गेला, आणि वाटणी झाली. पलीकडची वाडी एकतारीवर राहिली. अलीकडच्या वाडीने तीन सुरांची हाक ठरवली; एकाच तारेवर, बोटाने दाबून काढलेली, एक खालचा सूर, एक वरचा, पुन्हा खालचा. मोकळी तार छेडून भागत नसे, ती एकतारीसारखीच ऐकू येई. चाळीस हिवाळे ती हाक तात्यांनी दिली होती. आता थंडीत त्यांची बोटं उघडत नसत. सकाळी उठल्यावर ते उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवत, कळी उघडावी तशी, आणि तरी दोन मिटलेलीच राहत.

पहिल्याच दिवशी त्यांनी शाल्मलीला आपली अट सांगितली. धुक्याला अजून दोन महिने आहेत. पहिलं धुकं पडेल त्या सकाळी तिने धक्क्यावर बसून हाक द्यायची. होडी धक्क्याला लागली, तर ते पुढे शिकवतील. नाही लागली, तर तिने आपल्या घरी जावं. तिला वाटलं ते थट्टा करताहेत. ती हसली. ते हसले नाहीत.

तात्यांच्या घरी त्यांची धाकटी बहीण होती, सगुणाआत्या. विधवा, काटक, तोंडाची तिखट. चूल, मासळी, अंगण आणि भाऊ, सगळं तिच्याच ताब्यात होतं. तिने शाल्मलीची बोटं एकदा आपल्या हातात घेऊन पाहिली, मागे वळवली, सोडली, पुन्हा वळवली.

“अगो बाई, ही बोटं आहेत का दोडक्याच्या वेलाची टोकं?” ती म्हणाली. “दादा, हिला मांडवावर चढव. गिटार राहू दे.”

शाल्मलीला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. आत्याने ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिच्या ताटात माशाचा मधला तुकडा पडू लागला. थट्टा मात्र थांबली नाही.

मुलीने कष्टात कसर ठेवली नाही. बोट मागे वळतं ना, मग आणखी जोर लावायचा, हा तिचा हिशोब. नखाखालचं मांस पांढरं पडेपर्यंत ती दाबी. जितकं दाबी तितका सांधा उलटा जाई, बोट तारेवर आडवं पडे आणि शेजारच्या तारेचाही गळा धरी. दुसऱ्यांच्या बोटांना घट्टे पडतात. हिच्या बोटांच्या टोकांना काहीच झालं नाही, दुखू लागले ते सांधे. पंधरा दिवसांनी तिने एक युक्ती काढली. कुंपणाच्या बांबूच्या पातळ कामट्या काढून तिने त्या बोटांच्या पाठीला बांधल्या, दोऱ्याने, घट्ट. आता बोट वळूच शकत नव्हतं. सूर निघाला. पण कसा, तर खिळा ठोकल्यासारखा. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर पंजाच उचलावा लागे. तरी सूर निघाला या आनंदात ती रोज पहाटे गुपचूप कामट्या बांधू लागली आणि शिकायला बसण्याआधी सोडू लागली. बोटं संध्याकाळी सुजत. ती ओढणीत लपवी.

एका सकाळी तिला सोडायला उशीर झाला. तात्या येऊन समोर बसले तेव्हा कामट्या बोटांवरच होत्या. शाल्मलीला वाटलं, आता संपलं. तात्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आपल्या आखडलेल्या बोटांनी एकेक गाठ सोडवायला घेतली. फार वेळ लागला. तिने मदत करायला दुसरा हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. सगळ्या कामट्या निघाल्यावर त्यांनी त्या चुलीकडे सरकवल्या, गिटार उचलून आत नेली आणि बाहेर येऊन म्हणाले की आजपासून गिटारला हात लावायचा नाही.

मग ते तिला धक्क्याच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. तिथे पाण्यात कमळाची पानं पसरली होती, ताटाएवढी, पाण्याला पाठ लावून तरंगत. तात्यांनी एका पानावर बोट टेकवलं. पान हललं, किंचित खाली गेलं, काठापाशी पाणी येऊन थांबलं. पाणी पानावर चढलं नाही.

“असं,” ते म्हणाले. “पान हललं पाहिजे. बुडता कामा नये.” आणि ते निघून गेले.

एवढंच. शाल्मली पायऱ्यांवर बसली. दुपारी आत्या भांडी घासायला आली तेव्हा ती तिथेच होती, पाय पाण्यात, एक बोट पानावर. आत्याने भावाला लांबूनच विचारलं, की पोरगी गिटार शिकायला आली आहे की पानांना मालिश करायला.  ते ओसरीवर बसून गिटारची घोडी, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती, काचेच्या तुकड्याने खरवडत होते. खस्स, खस्स. तो आवाज पाण्यापर्यंत ऐकू येई, आणि शाल्मलीला वाटे, आपल्यामुळे ते वाद्यही नासवायला निघाले. महिनाभराने धुकं येणार आणि हातात गिटार नाही. आईला काय सांगायचं? की मी एक महिना तळ्यात बोट घालून बसले होते?

पहिले तीन दिवस प्रत्येक पान बुडालं. टेकवलं की सांधा मागे जाई, पाणी पानावर चढे, पाऱ्यासारखं इकडेतिकडे धावे. ती बोट काढी, पान हळूहळू वर येई, पाणी ओघळून जाई, आणि पान पुन्हा कोरडं, जणू काही झालंच नाही. पानाला राग नव्हता. हे तिला फार उशिरा जाणवलं, की दिवसभरात शंभरदा चुकूनही तिला कुणी रागावलेलं नाही.

चौथ्या दिवशी, की पाचव्या, तिथे दिवसांचा हिशोब राहत नसे, ती अशीच बसली होती. ऊन पाण्यात विरघळलं होतं. पानांमधून एक पाणकोंबडी पावलं मोजत चालली होती. शाल्मलीला झोप नव्हती आणि जागही नव्हती. बोट कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं, हे तिला नीट कळेनासं झालं होतं. खाली पाण्यात आणखी एक हात वर येत होता आणि त्याचं बोट पानाला खालून आधार देत होतं, असं तिला वाटलं. आणि त्या तंद्रीत तिला पहिल्यांदाच ते जाणवलं. सांधा मागे वळण्याच्या अगदी आधी, बोटाच्या आत काहीतरी किंचित थरथरतं. कुणी लहान मुलाने मागून पदर ओढावा, इतकंच. तिने तिथेच थांबून पाहिलं. बोट कमानीत उभं राहिलं. पाणी काठाशी येऊन थांबलं.

तिने श्वास सोडला, तर पान बुडालं. पण ती जागा आता तिला माहीत झाली होती.

त्यानंतर ती दर बोटाने ती जागा शोधू लागली. तर्जनीची थरथर लवकर येई, अनामिकेची उशिरा, करंगळीची येते न येते तोच बोट उलटं होई. आयुष्यभर जी बोटं तिने बाहीत कोंबली होती, त्यांची तिला आता एकेकाची ओळख होत होती. दहाव्या दिवशी तात्यांनी गिटार बाहेर आणून तिच्या मांडीवर ठेवली. घोडी खाली गेली होती. तारा गिटारच्या गळ्याच्या, म्हणजे लांब दांडीच्या, जवळ उतरल्या होत्या, पातळ होत्या, त्यांनी बदलल्या असाव्यात. गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना तात्या सतारीसारखं पडदे म्हणत. त्यांनी एका पडद्याच्या अगदी लगतची जागा दाखवली आणि म्हणाले, इथे पान आहे असं समज.

तिने बोट टेकवलं. थरथर आली तिथे थांबली. उजव्या हाताने तार छेडली.

सूर निघाला. लहान होता, पण पूर्ण होता. तो तिच्या शेजारी येऊन बसला.

 मग शाल्मलीने विचारलं, की हे तात्यांनी पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही. उलट्या बोटांनी तारा दाबता येत नाहीत, हे तर त्यांनाही दिसत होतं.

तात्यांनी आपला डावा हात तिच्यापुढे धरला. सांधे गाठाळले होते, दोन बोटं मिटलेलीच होती.

“माझं बोट ताठ आहे, पोरी,” ते म्हणाले. “कितीही दाबलं तरी ते हूं का चूं करत नाही. म्हणून चाळीस वर्षं मी गरजेच्या दुप्पट दाबत राहिलो, आणि मला कुणी सांगितलंच नाही. लोक म्हणायचे, काय हात आहे. शेवटी सांध्यांनी सांगितलं, तेव्हा ऐकून उपयोग नव्हता. तुझं बोट तसं नाही. जरा जास्त झालं की ते मागे वळतं. तुला वाटतं ते हरलं. अगं, ते बोलतंय. पुरे म्हणतंय. तार दाबायची नसतेच, ती पडद्याला नुसती टेकवायची असते; हे मला माझ्या बोटाने कधी शिकवलं नाही, तुला तुझं पहिल्या दिवसापासून शिकवतंय, आणि तू त्याच्या तोंडाला काठ्या बांधल्यास. मी सांगितलं असतं तर तू मला विचारून वाजवलं असतंस. आता त्याला विचार.”

एवढं बोलून ते थकले आणि आत जाऊन पडले.

पुढचे दिवस सुखाचे गेले. तीन सुरांची ती हाक शाल्मलीच्या हातात हळूहळू बसू लागली. दहापैकी सहा वेळा नीट, मग सात. आत्या मासळी साफ करता करता ऐके, आणि चुकली की विळीवरून मान न उचलता म्हणे, “ही गेली पलीकडच्या वाडीला.” एकदा मात्र थट्टा करता करता ती थांबली, आणि हातातला मासा तसाच धरून तिने जे सांगितलं ते शाल्मलीने आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. तात्या आणि सगुणा यांच्यामध्ये आणखी एक भाऊ होता. एका धुक्याच्या सकाळी त्याची होडी यायला उशीर झाला. सगुणा तेव्हा नऊ वर्षांची. गिटार अजून आली नव्हती, एकतारी वाजत होती, पण तिला धीर निघाला नाही. ती धक्क्यावर उभी राहून ओरडली. दादा म्हणून नाही, त्याच्या नावाने ओरडली. डोंगराने ते नाव तिच्यापेक्षा मोठ्याने उच्चारलं. तो डोंगराकडे गेला. आत्याने मासा विळीवर धरला आणि पुन्हा कापायला घेतला.

मग एका पहाटे जाग आली तेव्हा दार उघडं होतं आणि दारात काहीच नव्हतं. अंगण नव्हतं, तुळस नव्हती, तळं नव्हतं. सगळं पांढरं होतं.

धक्क्यावर केरबा नावाचा मासेमार होडी घेऊन निघायच्या तयारीत होता. वाडीतल्या बाकीच्यांनी त्या दिवशी जाळी उचलायची नाही असं ठरवलं होतं. पोरगी कच्ची आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. केरबा तेवढा तयार झाला होता, तोही कुरकुरत. इतक्यात तात्या खांद्यावर घोंगडी टाकून आले आणि सरळ होडीत जाऊन बसले.  केरबाने हात जोडले. तो म्हणाला की तात्या, तुम्ही काठावर बसा, निदान पोरीच्या हातून बिघडलं तर तुम्ही सावराल. मला घरी दोन लेकरं आहेत, आणि बायको माझ्यापेक्षा त्या रेडकाला जास्त विचारते, तरी पण.

तात्या म्हणाले, “मी काठावर बसलो तर ती माझ्याकडे बघेल.” मग शाल्मलीकडे वळून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आम्ही जाळं उचललं की तुझी वाट बघू.”

होडी दोन हातांवर गेली आणि पुसली गेली. वल्ह्याचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही धुक्याने घेतला.

शाल्मली पायरीवर बसली. गिटार गार होती. आत्या तिच्या मागे उभी राहिली. हाक केव्हा द्यायची हे ठरलेलं होतं. पलीकडच्या वाडीची एकतारी सुरू झाली की आपण सुरू करायचं. ती सुरू झाली. टुंग, टुंग, कापसातून आल्यासारखी.

शाल्मलीने तार छेडली आणि तिच्या हातून खरखर निघाली. बोटं थंडीने बधिर झाली होती, आतलं काही कळतच नव्हतं. तिने पुन्हा टेकवलं, आणि मनात आलं, दोन माणसं आहेत तिथे. ते मनात येताच तिने दाबलं. बोट उलटं झालं, तार मुकी झाली. तिने आणखी दाबलं. वरचा सूर तर निघालाच नाही. पलीकडे कुणाची तरी होडी धक्क्याला लागल्याचा आवाज आला, माणसं बोलली, हसली, एकतारी थांबली. आता तळ्यावर कसलाच आवाज नव्हता. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की सूर निघाला असता तरी तिला ऐकू आला नसता. ती उभी राहिली, आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत ती जीव खाऊन ओरडली.

“तात्याऽऽ!”

आणि तळ्याच्या त्या बाजूने, उंचावरून, भल्यामोठ्या आवाजात कुणीतरी तात्यांना बोलावलं.

आत्याचा हात मागून तिच्या तोंडावर आला. त्या हाताला मासळीचा वास होता. क्षणभर दोघी तशाच उभ्या राहिल्या. शाल्मलीला वाटलं, आता ही आपल्याला मारील, आणि मारावं. पण आत्याने हात काढला, तिला खांद्यांना धरून पायरीवर खाली बसवलं, गिटार तिच्या मांडीवर सारखी केली. मग ती तिच्या कानाशी वाकली.

“त्यांना परत वळव,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय आता कुणी नाही.”

शाल्मलीने डावा हात तोंडाशी धरून त्यावर फुंकर घातली. एकदा, दोनदा, बोटांत मुंग्या येईपर्यंत. होडी आता कुठे वळली असेल, हा विचार येत होता; तिने तो येऊ दिला आणि बोट तारेवर ठेवलं. दाबलं नाही. नुसतं ठेवलं आणि वाट पाहिली. मग थोडा भार दिला. आणखी थोडा. आणि मग फार लांबून, बोटाच्या आतून, ती थरथर आली. पुरे.

सूर निघाला. लहान. इतका लहान की या एवढ्या पांढऱ्या पसाऱ्यात तो कुठवर जाणार, असं वाटून तिचं बोट पुन्हा दाबायला निघालं. सांध्याने पदर ओढला. ती थांबली. वरचा सूर. पुन्हा खालचा. तीन झाले.

तिने पुन्हा तेच वाजवलं. मागे आत्याचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा वाजवलं. हळूहळू तिला दिसू लागलं, म्हणजे डोळ्यांनी नव्हे, की सूर तिच्या गुडघ्यावरून उतरतो आहे, पायरी उतरतो आहे, पानांच्या मधून वाट काढत पाण्यावर चालत जातो आहे, घाई न करता. तो कुणाच्या अंगावर धावून जाणारा नव्हता. ज्याच्यापर्यंत पोचेल त्याच्या शेजारी जाऊन बसणारा होता. कितव्यांदा वाजवलं, ते तिने मोजलं नाही. एकदा सांधा वळला, सूर विझला. तिने बोट उचललं, पुन्हा ठेवलं. स्वतःला रागावली नाही. धुकं हललं नाही. डोंगर काही बोलला नाही. भीती गेली नव्हती. ती तिच्या शेजारीच बसली होती, आत्यासारखी, श्वास रोखून ऐकत.

खालचा सूर. वरचा. खालचा.

धुक्यात, अगदी जवळून, पाणी होडीच्या फळीला लागल्यासारखं वाजलं. आणि म्हातारा, दमलेला, मुळीच न ओरडणारा एक आवाज म्हणाला,

“ओ.”